नऊची झोप

सला शहराच्या जुन्या भागात, चटईवाल्यांच्या गल्लीत, जिला सगळे आदराने 'लल्ला' म्हणत त्या महजूबाला कुणी किती वाजले विचारलं तर ती आधी उलट विचारायची, "नवी वेळ पाहिजे का जुनी?"

सरकारने घड्याळं एक तास पुढे ढकलून तशीच ठेवली त्याला बरीच वर्षं झाली. पण महजूबाच्या भिंतीवरचं टोल्यांचं घड्याळ जुन्या वेळेवरून हललं नव्हतं. "सरकार म्हणालं म्हणून सूर्य लवकर उठला का ग? कोंबडा तरी उठला का?" फारच वाद झाला तर म्हणायची, "माझं घड्याळ वर्षातला एक महिना बरोबर असतं. तुमच्या नवऱ्यांपेक्षा बरं." तो महिना रमजानचा. तेवढ्यापुरतं सरकारच घड्याळ तासभर मागे घेतं. बाकीचे अकरा महिने बाहेरच्या जगातली कुठलीही वेळ ऐकली की महजूबाच्या डोक्यात आपोआप एक तास वजा व्हायचा. दवाखान्यात दहाला बोलावलंय, म्हणजे नऊ. गॅसवाला चारला येणार, म्हणजे तीन, आणि गॅसवाला आहे म्हणजे उद्या.

ती वझ्झानकडच्या डोंगरातून सोळाव्या वर्षी लग्न होऊन इथे आली. नवरा सी बूअझ्झा लव्हाळ्याच्या चटया विणायचा. तिला दोन मुलं झाली आणि दोन्ही चाळीस दिवस पुरे व्हायच्या आत गेली. यावर ती कधी बोलली नाही, आणि एरवी कशावरही बोलायचं न सोडणाऱ्या गल्लीनेही कधी विचारलं नाही. मग एके सकाळी समोरची बाई गालिच्यांच्या कारखान्यात कामाला लागली आणि तिने आपलं तान्हं महजूबाच्या मांडीवर ठेवलं. "जरा धर हं, आलेच."

त्या 'आलेच'ला पस्तीस वर्षं झाली. बूअझ्झा गेला, चटयांचं दुकान गेलं, पण महजूबाच्या एका खोलीत रोज तीन-चार तान्ही झोपलेली असायची. पाळणाघर म्हणावं तर पाळणा नव्हता. होते ते तिचे पाय. भिंतीला टेकून ती पाय लांब पसरायची, जुळवायची, मधल्या घळीत बाळ ठेवायची आणि पाय डावी-उजवीकडे हलवत राहायची. अंगाई तिला येत नव्हती, गळा फुटक्या माठासारखा. म्हणून ती गल्लीतली भांडणंच एका सुरात सांगायची. "आणि फतूमा म्हणाली माझी कढई परत दे, आणि ही म्हणाली कुठली कढई, आणि ती म्हणाली भोक पडलेली, आणि ही म्हणाली भोक पडलेली होती तर मागतेस कशाला..." शेवटी कढई कोणाची ठरली हे पस्तीस वर्षांत एकाही मुलाने ऐकलेलं नाही.

तान्ह्यांच्या झोपेचं तिचं शास्त्र तिच्या तळहातात होतं. वीस मिनिटांत डोळे उघडले तर ती जाग नव्हे, ती हूल. पाठीवर हात ठेवायचा, बोलायचं नाही, मूल पुन्हा बुडतं. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात मूल मांजरासारखं तुकड्या-तुकड्यांनी झोपतं, त्याला कुणी बोल लावू नये. सहाव्यानंतर दुपारची झोप लांबते. दात येताना सगळं शास्त्र चुलीत. आणि एक नियम सगळ्यांच्या वरचा: झोपलेलं मूल उठवायचं नाही. "घराला आग लागली तर झोपलेलंच उचलून न्या," ती म्हणायची.

पण अलीकडे मुलं येईनाशी झाली होती. ट्रामच्या थांब्याजवळ रंगीत भिंतींची दोन पाळणाघरं निघाली, तिथे गळ्यात ओळखपत्र घातलेल्या मुली होत्या. महजूबाकडे एकच मूल उरलं, तस्नीम. साडेतीन महिन्यांची आली तेव्हा तिच्या मुठीत महजूबाचं एक बोटही मावत नव्हतं. ही गेली की चटई गुंडाळून ठेवायची, हे महजूबाला पक्कं ठाऊक होतं, आणि हे ठाऊक असणं हीच पुढच्या सगळ्याची सुरुवात.

तस्नीमची आई घिझलान. हीसुद्धा कधीकाळी याच पायांवर, याच कढईच्या भांडणावर झोपलेली. आता नदीपलीकडे रबातला विम्याच्या कचेरीत होती. नवरा अन्वर टँजिरच्या बंदरात, म्हणजे शनिवार-रविवारचा पाहुणा. बाळंतपणाची रजा संपली त्या दिवशी ती डोळ्यांखाली काळी वर्तुळं, काखेत मूल आणि हातात एक कागद घेऊन आली.

"लल्ला, हे तिचं वेळापत्रक."

"कसलं?"

"झोपेचं."

महजूबाने कागद उलटा धरला, मग सुलटा. अक्षरं तिला येत नव्हती, म्हणून घिझलानने घड्याळांची चित्रं काढली होती. नऊ, बारा, साडेतीन. प्रत्येकाखाली चंद्र. पाऊण तास, दीड तास, अर्धा तास.

"आणि मधल्या वेळात तिला भूक लागली तर तीही कागदाला विचारून लागणार का?"

"लल्ला, प्लीज. नर्जिस सांगते की दोन झोपांमध्ये दोन तासांची जागेपणाची खिडकी असते. ती चुकली की मूल अतिथकतं."

"माझ्या खोलीला एकच खिडकी आहे, बाई, आणि तिच्यासमोर बलईदच्या बायकोच्या चादरी वाळत असतात."

ही नर्जिस म्हणजे कासाब्लांकाची झोप-मार्गदर्शक. घिझलानच्या फोनमध्ये राहायची आणि वाक्यांना 'दाकोर', म्हणजे 'कळलं ना', असं फ्रेंच शेपूट लावायची. घिझलानने तिथल्या तिथे ऐकवलं. "माझ्या गोऽऽड मम्मांनो! आपण बाळाला झोपवत नाही, दाकोर? आपण बाळाला झोपेची संधी देतो! मांडी नाही, पाय नाही, थोपटणं नाही, दाकोर? अंधारी खोली, सपाट गादी, आणि विश्वास!"

"हिला मुलं किती?" महजूबाने विचारलं.

"एक."

"आणि तिला संधी कोण देतं?"

"मोलकरीण असेल," घिझलान म्हणाली, आणि दोघी हसल्या. तिथेच काय ते हसणं संपलं. जाताना घिझलानने शिकवून ठेवलं: बाळ झोपलं की फोनचं हे हिरवं बटण दाबायचं आणि बोलायचं, म्हणजे आवाज तिच्या फोनवर पोचतो; उठलं की पुन्हा. "आकडे चुकवू नका, लल्ला. नर्जिस रोज बेरीज मागते."

पहिला आठवडा महजूबा इमानाने वागली. कागदावरच्या नऊला, म्हणजे तिच्या आठला, तिने तस्नीमला गादीवर ठेवलं आणि विश्वास ठेवला. तस्नीमने ठेवला नाही. ती तासभर किंचाळली. बलईदच्या बायकोने खिडकीतून डोकं काढलं, "काय ग, कापतेस की काय तिला?"

"संधी देतेय," महजूबा म्हणाली.

आठव्या दिवशी तस्नीम कागदाच्या आधीच, स्वतःच्या मर्जीने, दूध पिता पिता झोपली. महजूबाने खरं ते सांगितलं. दोन मिनिटांत घिझलानचा फोन. कचेरीच्या जिन्यात उभी असावी, आवाज दबका आणि फाटलेला.

"आत्ता? आत्ता झोपली? आख्खा दिवस बिघडेल, लल्ला. उठवा तिला."

"झोपलेल्या मुलाला उठवू?"

"उठवा! मी काल रात्री दोन तास झोपलेय, मला वाद घालायला लावू नका. जमत नसेल तर सांगा, ट्रामजवळच्या पाळणाघरात एक जागा आहे."

महजूबाने तस्नीमला उठवलं. पस्तीस वर्षांत पहिल्यांदा. ओला कपडा गालाला लावला, तळपायांवर टिचक्या मारल्या. मूल दचकून उठलं, रडलंसुद्धा नाही, नुसतं तिच्याकडे बघत राहिलं, अनोळखी माणसाकडे बघावं तसं.

दुसऱ्या दिवसापासून तिने दोन गोष्टी वेगळ्या केल्या. मूल झोपायचं मुलाच्या मर्जीने, पायांवर, कढईच्या भांडणावर. आणि घड्याळाचे आठ टोले पडले की बोट हिरव्या बटणावर जायचं. "झोपली ग. बिस्मिल्ला म्हटलं, पाठीवर दोन थापा मारल्या, झोपली. माशाल्लाह." त्या वेळी तस्नीम चटईवर पालथी पडून चमचा चोखत असली तरी. अकराला दीड तासाची झोप, अडीचला अर्ध्या तासाची. महजूबा हे इतक्या रंगात येऊन सांगायची की तिलाच खरं वाटायचं. "वाऱ्याने दार आपटलं, तरी हलली नाही बघ." "झोपेत हसली, आता मलाच झोप येतेय."

तिच्या लेखी हे खोटं नव्हतंच. एक कागद उपाशी होता, त्याला दोन घास टाकले. मूल गुटगुटीत होतं, आई खूश होती, यात कोणाचं काय गेलं?

आणि घिझलान खूश होती! नर्जिसने तिचं नाव घेऊन शाबासकी दिली. "सला शहरातली आपली एक मम्मा, दाकोर? बेरीज मिनिटाला मिनीट! हे होऊ शकतं, मम्मांनो!" घिझलानने महजूबासाठी बदाम-मधाची बरणी आणली. "तुमच्यामुळे झालं, लल्ला." महजूबाने बरणी घेतली. घेताना तिला वाटलं, घिझलानच्या डोळ्यांखालची वर्तुळं कमी व्हायला हवी होती, ती वाढलीयत. कचेरीत काम फार असेल, असं तिने स्वतःला सांगितलं.

असे तीन महिने गेले.

रमजान आला. रिवाजाप्रमाणे आधीच्या रविवारी सरकारने घड्याळ मागे घेतलं. रमजानची शेबाकिया मिठाई तळायला आणि सेल्लूचं गोड पीठ भाजायला घिझलानने दोन दिवस रजा घेतली, मूल घरीच ठेवलं. पहिल्या रोजाच्या दिवशी कचेऱ्या उशिरा उघडणार होत्या, म्हणून ती एरवीपेक्षा उशिरा निघाली. इकडे महजूबा पहाटे सहरीचं खाऊन, नमाज पढून बाकावर लवंडली होती. डोळा लागला. घड्याळाने आठ टोले दिले.

त्या दिवशी तिच्या भिंतीवरचे आठ हे सरकारचेही आठ होते. त्या एका महिन्यात वजाबाकी करायची नसते, हे गल्लीतलं शेंबडं पोरही जाणतं, आणि महजूबा तर वर्षभर त्याचीच फुशारकी मारायची. पण टोल्यांनी ती जागी झाली आणि बोटाने आपलं काम केलं. अर्धवट झोपेत, डोळे मिटलेलेच, ती फोनमध्ये बोलली. "झोपली ग. बिस्मिल्ला म्हटलं, पाठीवर दोन थापा मारल्या, झोपली. माशाल्लाह."

घिझलान तेव्हा दाराबाहेर, शेवटच्या पायरीवर होती. कडेवर तस्नीम, आईच्या कॉलरचं टोक चघळत. घिझलानने हे शब्द आधी दारातून ऐकले. मग पिशवीतला फोन वाजला, तेव्हा तिने ते पुन्हा ऐकले.

दार लोटून ती आत आली. महजूबा उठून बसली आणि तिला आधी काय दिसलं असेल तर तस्नीमचे टक्क उघडे डोळे.

"झोपली?" घिझलानने विचारलं.

महजूबाने घाईघाईने डोक्यावरचा रुमाल सरळ केला.

"कोण झोपली, लल्ला?"

"रोजा आहे ग... गुंगीत होते... घड्याळ..."

"घड्याळाचं मला सांगू नका. हे रोजचं आहे का?"

झोपेचं सोंग घेतलेल्याला जागं करता येत नाही म्हणतात, पण महजूबा पकडली गेली ती खऱ्या झोपेतून उठताना. तिला सोंग सुचलं नाही. ती म्हणाली, "मूल छान झोपतं, घिझलान. अल्लाहची शपथ. पोटभर झोपतं. फक्त कागदाप्रमाणे नाही."

"किती झोपतं?"

"हवं तितकं."

"किती? मिनिटं किती?"

"मी कधी मोजली नाहीत."

घिझलान चटईवर बसली. ती ओरडली असती तर महजूबाला बरं वाटलं असतं, ओरडण्यावर तिच्याकडे उत्तरं होती. घिझलान हळू बोलत होती.

"नर्जिस म्हणाली, दिवसाची बेरीज बरोबर आहे ना, मग संध्याकाळी सातला झोपायलाच हवं. नाही झोपली तर सवय लागलीय, रडू द्या. मी सातला तिला अंधाऱ्या खोलीत ठेवायचे. रोज. ती तास-तास रडायची. मी दाराबाहेर कानात बोळे घालून बसायचे. उचललं नाही, लल्ला. तीन महिने. कारण दिवसाच्या झोपा बरोबर होत्या."

घिझलानने मान वर केली.

"पाचपर्यंत झोपू द्यायचात ना तिला? खरं सांगा."

"कधी पाच. कधी..." महजूबाने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "थंडीत जास्त झोपायची. सव्वापाचसुद्धा व्हायचे. माझ्या घड्याळाचे नाही, तुझ्या. तू यायच्या जरा आधी उठायची."

"आणि सातला मी तिला अंधारात टाकायचे."

"मला काय माहीत ग?"

"मी सांगितलं नव्हतं?"

सांगितलं नव्हतं. तीन महिन्यांत घिझलानने संध्याकाळबद्दल एक अक्षर काढलं नव्हतं, लाज वाटत होती म्हणून. आणि महजूबाने विचारलं नव्हतं, आपल्या दिवसांबद्दल कुणी विचारू नये म्हणून. पण हे त्या क्षणी दोघींपैकी कोणीच म्हणालं नाही. घिझलान उठली, दूधपावडरचा डबा, दोन झबली, चमचा पिशवीत भरला. तस्नीमने सवयीने महजूबाकडे झेप घेतली. घिझलानने तिला दुसऱ्या कडेवर घेतलं.

"पोरी, रोजा आहे, रागाने जाऊ नकोस," महजूबा म्हणाली.

"मी रागावलेली नाही," घिझलान म्हणाली आणि जिना उतरली.

फोनमधला महजूबाचा तो आवाज तिने बहिणीला पाठवला. बहिणीने जावेला. इफ्तारच्या आत गल्लीभर झाला. सार्वजनिक भट्टीवर पावाच्या परातींची रांग लागली होती, तिथे बायका महजूबाला बघून एकमेकींच्या खांद्यावर डोकं टेकवायच्या. "बिस्मिल्ला म्हटलं, दोन थापा मारल्या..." आणि दुसरी घोरायची. शाळकरी पोरी तर हुबेहूब काढायच्या, शेवटचं 'माशाल्लाह' जिथे महजूबाला जांभई आली होती तिथे बरोबर जांभई देऊन. बलईदची बायको हसता हसता डोळे पुसत म्हणाली, "मनावर घेऊ नकोस ग. लोकांच्या रोजाचा वेळ तरी जातोय."

"माझाही जातोय," महजूबा म्हणाली आणि परात डोक्यावर घेऊन घरी गेली. इफ्तारच्या हरीरा सूपचं पातेलं ती एकटी असूनही अजून तीन माणसांचं करायची, हात लहान व्हायला तयार नव्हता.

ईदच्या तिसऱ्या दिवशी घिझलान आली. तस्नीमला घेऊन, करंज्यांसारख्या बदामी मिठाईची ताटली घेऊन. संस्कार कुठे जातात? महजूबाने पुदिन्याचा चहा केला. तस्नीम आठ महिन्यांची झाली होती. बसायला लागली होती. तिने महजूबाकडे पाहिलं, मग कपाच्या वाफेकडे, आणि वाफच तिला जास्त आवडली.

"कसं चाललंय पाळणाघर?"

"छान आहे, लल्ला. शिस्त आहे. रोजचा कागद देतात." घिझलानने पिशवीतून एक घडी काढली आणि पुढे केली. महजूबाला अक्षरं येत नव्हती, पण आकडे येत होते. ओळींमागून ओळी. साडेबारा ते अडीच. साडेबारा ते अडीच. साडेबारा ते अडीच. आख्खा आठवडा.

"रोज?"

"रोज. मिनिटाला मिनीट."

महजूबाने कागद मांडीवर ठेवला. पस्तीस वर्षांत तिच्या पायांवरून गल्लीतली निम्मी पिढी गेली होती. लागोपाठ दोन दिवस एकाच मिनिटाला उठलेलं मूल तिने पाहिलं नव्हतं. हा कागद कुणीतरी आठवड्याच्या सुरुवातीलाच, एका बैठकीत भरला होता, आणि तो हात तिला आपल्याच हातासारखा ओळखता आला.

"आणि संध्याकाळी?"

घिझलानने चहाचा कप फिरवला. "रडते अजून. पण नर्जिस म्हणते, बेरीज बरोबर आहे, म्हणजे—"

"घिझलान," महजूबा म्हणाली, "ऐक माझं. कुठलंही मूल रोज साडेबाराला झोपून अडीचला उठत नाही. त्या मुली—"

"लल्ला."

"अग, ते भरून ठेवतात. मी सांगते ना तुला—"

"लल्ला, निदान तुम्ही तरी असं बोलू नका."

महजूबाने कागदाची पुन्हा घडी घातली. बोलायला पुष्कळ होतं, आणि ते सगळं खरं होतं, आणि या गल्लीत ते बोलायचा अधिकार नसलेलं माणूस एकच होतं.

तस्नीम आईच्या खांद्यावर जड होऊ लागली. आधी नजर विरघळली, मग मान. घिझलानने फोनमध्ये पाहिलं. "नाही, नाही, राणी, अजून चाळीस मिनिटं. उठा! हे बघ किल्ल्या! खुळखुळ!" तिने मुलीला उभं धरून हलवलं. तस्नीमने डोळे उघडले आणि त्यात काहीच नव्हतं.

"थंड होतोय चहा," महजूबा म्हणाली, आणि ताटली तिच्याकडे सरकवली.